घोडीचा कौल

नवऱ्याने दोर हातात घेतला आणि घोडीचे कान मागे गेले.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या थेरपिस्ट बाईंनी ते बरोबर टिपलं. घोडीच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. तो मात्र हसत होता. आल्यापासून हसतच होता. एवढ्या उन्हात मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट आणि तोंडभर हसू. बाईंना त्याची भीती वाटू लागली.

हे नवरा-बायको आपल्या मुलीसाठी आले होते. सहा वर्षांची पोर, कित्येक महिन्यांत कुणाशी अवाक्षर बोलली नाही, असं आईने सांगितलं होतं. घरात काय चाललंय ते माणसं धड सांगत नाहीत, म्हणून बाई घोडीला विचारायच्या. जवळच्या माणसाच्या पोटात जे असतं ते घोडीच्या अंगावर उमटतं, यावर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

"ह्यांना जनावरांची फार आवड. हो की नाही हो?" बायको म्हणाली.

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं. "हो, फार."

मग दोर बायकोच्या हाती आला. घोडीने मान सैल सोडली, ओठ चाटले आणि मागचा एक पाय ढिला टाकून चक्क पेंगायला लागली. मुलगी बापाचं बोट धरून होती. आईने नुसतं बघितलं, तशी ती बोट सोडून निमूटपणे आईशेजारी जाऊन उभी राहिली. किती गुणी पोर, बाईंना वाटलं.

त्यांचं ठरलं. मुलीला त्यांनी खोगिरांच्या खोलीत खेळायला पाठवलं आणि बायकोला कुंपणाबाहेर घेऊन दोर पुन्हा नवऱ्याला दिला.

"पलीकडच्या टोकापर्यंत फिरवून आणा. सावकाश."

तो आणि ताठरलेली घोडी लांब गेल्यावर बाईंनी रिंगणाच्या फाटकाची कडी बाहेरून लावली.

"ताई, लेकीला खोलीच्या मागच्या दाराने घ्या आणि निघा," त्या बायकोच्या कानाशी पुटपुटल्या. "ह्यांना मी थोपवून धरते."

"तुमचे उपकार कसे फेडू?" बायकोने त्यांचा हात दाबला. तिचा हात जराही थरथरत नव्हता. केवढी धीराची बाई!

खोगिरांच्या खोलीचं मागचं दार वाजलं आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. नवरा जागच्या जागी थांबला. आता हा कुंपणावरून उडी मारणार आणि आपल्या अंगावर धावून येणार, याची त्यांना खात्रीच वाटली.

"गेली ती?" त्याने विचारलं.

"गेल्या. इतक्यात यायच्या नाहीत."

त्याचं हसू मावळलं. घोडीने लांब श्वास सोडला, मान खाली घातली, ओठ चाटले. त्याने तिच्या मानेवर कपाळ टेकलं आणि तो हमसून हमसून रडू लागला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले.

"आता पिल्लूला खोलीतून बाहेर बोलवा ना," तो म्हणाला. "आई नसली की बोलते ती."