सॉरीचा वाक्यात उपयोग

लेकीच्या सासरी गप्पा रंगल्या असताना सरांची बायको विहीणबाईंना म्हणाली, "आमचे हे तीन वर्षांपूर्वीच टायर्ड झाले." इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेल्या सरांना हसू आवरेना. "टायर्ड नव्हे, रिटायर्ड. हिचं इंग्रजी म्हणजे सगळा आनंदीआनंद," ते म्हणाले, आणि घर खो खो हसलं.

घरी आल्यापासून तिने तोंडाला कुलूप लावलं होतं. चहाचा कपसुद्धा मुकाट्याने पुढ्यात येई. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ती नुकत्याच लावलेल्या इंग्रजीच्या क्लासची वही घेऊन समोर बसली.

"अहो, सॉरी कधी म्हणतात?"

सरांचा जीव भांड्यात पडला. "उशीर झाला, कुणाला धक्का लागला की म्हणायचं. अगदी साधा शब्द आहे."

"वाक्यात उपयोग करून दाखवा."

"आय अ‍ॅम सॉरी, आय अ‍ॅम लेट."

"हे पुस्तकातलं झालं. घरातलं सांगा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आय अ‍ॅम सॉरी, आय लाफ्ड अ‍ॅट यू."

"म्हणजे?"

"म्हणजे चारचौघांत मी तुला हसलो. चुकलं माझं."

तिने ते वाक्य सावकाश, अर्थासकट वहीत उतरवून घेतलं.

"बाईंनी आज आणखी कुठले शब्द दिलेत?" सरांनी हुरूप येऊन विचारलं.

"आज क्लासला सुट्टी होती," वही मिटत ती म्हणाली.