टाकीमागचं मैदान

"ज्याइले कुत्र्याइचं मैदान पाहिजे, त्याइनं हात वर करा," शेषराव म्हणाले.

यामिनीने हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. सभेला साठ-सत्तर माणसं होती. हात सतरा.

दुर्गजवळच्या रिसालीतल्या त्या कॉलनीत पाण्याच्या टाकीमागचा प्लॉट वर्षानुवर्षं गाजरगवतात पडून होता. त्याला कुंपण घालून कुत्र्यांना मोकळं पळायला जागा करावी, असा अर्ज यामिनीने लिहिला होता. कॉलनीच्या समितीची सही असल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता, आणि समिती म्हणजे शेषराव. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. एकदा लाल झेंडी दाखवली की दाखवली.

पहिल्या पंधरा दिवसांत तिला अकरा सह्या मिळाल्या. "माणसाइले फिरायले जागा नाही अन् कुत्र्याइले बगिचा?" असं म्हणून लोक दार लावून घेत. शेवटी तिने अर्ज फाडायला घेतला, तेव्हा घरी धुणीभांडी करणाऱ्या भागाबाईंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"मले द्या, ताई. मी सहा घरी कामाले जाते."

भागाबाईंना वाचता येत नव्हतं. पण त्यांनी मागच्या दारांतून, स्वयंपाकघरांतून, पीठगिरणीच्या रांगेतून सह्या आणल्या. नाही म्हणणाऱ्यांकडे त्या पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदाही गेल्या. महिन्याभरात दीडशे सह्या झाल्या. "तुमच्याकडे तर कुत्रा नाही, मग एवढं कशाला?" असं यामिनीने एकदा विचारलं. "मुकं जनावर आहे, ताई," एवढंच म्हणून त्या भांडी घासायला बसल्या.

पण कागदावर सही करणं वेगळं आणि शेषरावांच्या तोंडासमोर हात वर करणं वेगळं.

शेषरावांची नजर दाराशी उभ्या असलेल्या भागाबाईंवर गेली. "भागाबाई, समोर ये. तुह्या पायाची खूण दाखव सगळ्याइले." मग ते सभेकडे वळले. "मागच्या दिवाळीनंतर हिले रस्त्यावरच्या कुत्र्यानं फाडलं. मीच स्कूटरवर दवाखान्यात नेलं."

यामिनी चमकली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात बाईंनी गावाला जाते म्हणून सुटी घेतली होती.

"आता तूच सांग," शेषराव म्हणाले. "कुत्र्याइले मैदान द्याचं का हाकलून लावाचं?"

भागाबाईंनी पदर सावरला. "मैदान द्या, भाऊ. मी तुमाले तवा खोटं सांगतलं. तो रस्त्यावरचा नव्हता, घरी पाळलेला होता. सकाळी आठपासून सांजच्या सातपर्यंत मागच्या आंगणात साखळीले बांधून राहते. मी पाणी ठेवाले वाकली अन् त्यानं धरलं. दिवसभर बांधलं तं माणूसबी चावन."

शेषरावांनी अर्ज हातात घेतला.

"कोणाचा कुत्रा होय? नाव सांग, मंग सही करतो. ज्याच्या कुत्र्यानं चावलं, त्यानं समोर येऊन जबाबदारी घ्याव. तसंच मैदान नाही भेटत."

"नाव नाही सांगत मी, भाऊ. त्याची मालकीण वाईट नाही. तिले मालूमच नाही."

"मंग राहू दे." शेषरावांनी अर्जाची घडी घातली.

आठ ते सात. दुर्गला नोकरीवर जायची आणि परतायची यामिनीचीच ती वेळ. आपल्या कुत्र्यासाठी, बादलसाठी, साखळी तिनेच बाजारातून आणली होती. दुपारी बादलला पाणी ठेवत जा, हेही बाईंना तिनेच सांगितलं होतं. आणि भागाबाई वर्षभर रोज त्याच अंगणात जाऊन पाणी ठेवत होत्या.

तिच्याकडे कुणीही पाहत नव्हतं. भागाबाईसुद्धा. ती बसून राहिली असती, तर कुणाला कधी कळलंही नसतं.

यामिनी उठून समोर गेली. तिने शेषरावांच्या हातातून अर्ज घेतला, घडी उघडली आणि टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला.

"तो कुत्रा माझा आहे, काका. करा आता सही."