तळाचा थर

देवदार अजूनही वर येत नव्हता. धाकटीने सहावा थेंब टाकला, काचेच्या कांडीने ढवळलं, कागदाची पट्टी बुडवून हुंगली. होता, पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. तिने सातवा टाकला आणि वहीत सहाचे सात केले.

रविवारची दुपार होती. टेबलावर तीन छोट्या बाटल्या होत्या. एक तळाच्या थराची, एक मधल्या, एक वरच्या. आधी तळाची हाताला लावायची, ती मुरली की मधली, सगळ्यात शेवटी वरची. तिन्ही मिळून एकच सुगंध व्हायला हवा आणि तो बाजारात कुठेही मिळता कामा नये. परगावी नोकरी देऊ केलेल्या नव्या अत्तराच्या कंपनीची तशी अटच होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचा सुगंध लावून यायचं, सही केल्यासारखं.

सही या शब्दाचंच धाकटीला अप्रूप वाटलं होतं. जन्मभर तिने ताईचंच वापरलं. ताईचे कपडे, ताईची पुस्तकं, ताईची सायकल. शाळेतल्या बाईसुद्धा तिला हाक मारताना आधी ताईचं नाव घेत आणि मग जीभ चावत. ताई तापाचं निमित्त होऊन गेली, त्याला तीन वर्षं झाली. तरी धाकटी झोपत होती ती ताईच्याच खोलीत, आणि आत्ताही तिथेच बसली होती. एक तरी गोष्ट निव्वळ आपली असावी, एवढंच तिला हवं होतं.

अट आणखी एक होती, पण ती कंपनीची नव्हती. आईने हो म्हणायला हवं होतं. घरात आता दोघीच. नेमणुकीचं पत्र पंचवीस दिवस टेबलावर पडून होतं आणि उद्या उत्तर कळवायचं होतं. विषय काढला की आई म्हणायची, "एक गेली तेवढं पुरे नाही का?" आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

पुन्हा हुंगण्याआधी नाक ताजं करायला हवं होतं. ती सध्या काम करत होती त्या साबणाच्या कारखान्यातल्या साहेबांनी हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. "नाक म्हणजे आळशी कारकून. तोच कागद चारदा समोर आला की मान वर करून बघत नाही. मधूनमधून आपलं कोपर हुंगायचं. नाहीतर लोकर. पण कोरी हं!" धाकटीचे दोन्ही हात तर कोपराच्या वरपर्यंत सुगंधांनी माखलेले असायचे. म्हणून गेले तीन रविवार ती दाराआडच्या खुंटीवरचा मफलर हुंगत होती. जाड लोकरीचा, राखाडी. आईने तो कधी धुऊ दिला नव्हता, जागचा हलवूही दिला नव्हता. धाकटीने आधी नीट तपासून पाहिलं होतं. त्याला कसलाही वास येत नव्हता.

तिने मफलरमध्ये नाक खुपसून तीन मोठे श्वास घेतले. देवदार अजून कमीच. आणखी दोन थेंब. मग मधली बाटली. लवंग तर जाणवतच नव्हती. पाच थेंब. आठ. वरच्या थरातली संत्र्याची साल मात्र पहिल्याच थेंबाला उसळून आली.

सव्वाचारला तिने हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि एकेक थर चढवला. छान जमला होता. हलका, स्वच्छ, कुणाचीच आठवण करून न देणारा. हीच मी, तिला वाटलं.

आतल्या खोलीत पलंग करकरला. आई उठून आली आणि चौकट धरून दारात उभी राहिली. तिचे डोळे मिटलेले होते.

"कधी आलीस गं?"

असा आवाज धाकटीने तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"मी कुठे गेले होते? सकाळपासून इथेच तर बसलेय."

आई चाचपडत पुढे आली. तिने धाकटीचं मनगट धरलं, नाकाशी नेलं आणि तसंच धरून ठेवलं. "पेन्सिली," ती पुटपुटली. "दिवसभर मेल्या त्या पेन्सिली तासायच्या. आणि दाढेत लवंग. किती वेळा सांगितलं, काढून टाक ती दाढ एकदाची."

ताई चित्रकला शिकवायची. पेन्सिलीचं लाकूड देवदाराचं असतं. धाकटीची नजर वहीवर गेली. देवदार नऊ, लवंग आठ. मग खुंटीवर गेली, ताईच्या मफलरवर.

त्याला वास नव्हता असं नाही. तीन वर्षं त्या वासात झोपून तिच्या नाकाने तो सांगायचं सोडून दिलं होतं. वर दर खेपेला तोच छातीभर भरून घेऊन ती नेमकी त्याच वासाला बधिर होत होती. तिला जे जे कमी वाटलं, ते ते ताईचं होतं. आणि ती थेंबामागून थेंब टाकत राहिली होती.

"आई, मी आहे. धाकटी."

"माहीत आहे मला. एवढी काही वेडी नाही झाले." आईने डोळे उघडले नाहीत, मनगटही सोडलं नाही. चेहरा मात्र ताप उतरल्यासारखा दिसत होता. "ते पत्र कुठंय? कळवून टाक त्यांना, येते म्हणून."

"आणि तू एकटी राहशील?"

"एकटी कशी? कुठली बाटली आधी लावायची, तेवढं फक्त नीट लिहून ठेव."