पाहिलेल्या ओळी

“इतका हुशार कसा रे तू?”

निशिगंधाने प्रश्न टाइप केला आणि एंटर दाबून मोकळी झाली. मागे पलंगावर कीर्ती आणि सुवर्णा किंचाळल्या. हिंमत असेल तर विचार, ही पैज त्यांचीच. तन्मय म्हणजे सीतापुऱ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला मुलगा. चॅटवर रोज भेटणारा, प्रत्यक्षात कुणीच न पाहिलेला.

“आता म्हणेल, कानोत्याला ये, बंधाऱ्यावर बसून सांगतो,” सुवर्णा म्हणाली.

“गप गं!” निशिगंधाचे कान लाल झाले होते.

खरं तर तो प्रश्न तिलाही पडला होताच. वायरलेस कार्ड बनवणारी कंपनी लिनक्स ही फुकटची संगणक-प्रणाली वापरणाऱ्यांना ढुंकून विचारत नव्हती. म्हणून चार हौशी लोकांनी ठरवलं होतं, कार्ड चालवणारा ड्रायव्हर आपणच लिहायचा आणि सगळ्यांना फुकट द्यायचा. कार्डाला टिचक्या मारायच्या, ते काय उत्तर देतं ते ऐकायचं आणि अंदाजाने एकेक ओळ लिहायची. पुण्याचे श्रीपाददादा दोन वर्षं हेच करत होते. तन्मय परवा आला काय आणि त्यांना मागे टाकून गेला काय! आता ड्रायव्हर दोन आणि जागा एक. कुणाचं काय घ्यायचं, हे ठरवायचं काम दादांनी अकरावीतल्या निशिगंधाकडे दिलं. त्यांचाच एक ड्रायव्हर, मग निवाडा त्यांनी कसा करायचा? शिवाय ही पोरगी कुणाची भीड ठेवत नसे. बाबांनी विम्याच्या ऑफिसात पेढे वाटले होते.

नियम एकच होता. कंपनीचा मूळ कोड ज्याने पाहिला, त्याने ड्रायव्हरला हात लावायचा नाही. गटात त्याला सगळे ‘सोवळं’ म्हणत. ते मोडलं की कंपनीचे वकील म्हणणार, चोरलंत. आणि सगळ्यांचं सगळं काम पुसून टाकावं लागणार. दुसऱ्या एका गटाचं तसं झालं होतं. ती माणसं पुन्हा कुठे दिसली नाहीत.

बाहेर आकाश पिवळं पडत चाललं होतं. धुळीची आंधी येणार होती. आई गच्चीवरच्या कुरडया गोळा करायला धावली, तिच्यामागे बाबा.

उत्तर आलं.

“हुशार कसला! ट्रेनिंगला जातो तिथे कंपनीच्या मूळ कोडची फाइल आहे. हे बघ.”

आणि खाली ओळी. डोळ्यांना सवय, ते वाचत सुटले. वाचायचं नाही, हे डोक्याला कळेपर्यंत शेवटची ओळ आली होती.

“आता तूही पाहिलंस,” त्याने लिहिलं. “म्हणजे आपण एकाच माळेचे मणी. माझाच घे. कुणाला कळतंय?”

वीज गेली. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. खिडकी धाडकन आपटली आणि खोलीभर धूळ घुसली.

“अरे यार! मतलब, काय म्हणाला तो?” कीर्तीने विचारलं.

काळ्या पडद्यावर निशिगंधाला त्या ओळी अजून दिसत होत्या.

अंधारात फोन वाजला. श्रीपाददादा होते.

“निशिगंधा, माझं कार्ड अजून झोपतंय गं. जरा चालतं की झोपतं. टिचक्या मारून बोटं दुखली. तुला काही सुचतंय का?”

सुचायचं काय त्यात! त्या ओळींत होतंच, कार्ड झोपण्याआधी त्याला एकदा हाक द्यायची, बस. एवढी एक ओळ सांगितली की दादांचा ड्रायव्हर पुढे जाणार, त्या तन्मयची खोड मोडणार. वर सगळे म्हणणार, काय पोरगी आहे! वाक्य जिभेच्या टोकावर आलं. आणि ते इतकं आपलंसं वाटलं, की तिच्या अंगावर काटा आला. आज आपण गप्प बसलो तरी उद्या, परवा, कधीतरी ती ओळ हातातून उतरणार. आणि आपल्याला खरंच वाटणार, की ती आपल्यालाच सुचली.

“दादा, मला नका विचारू.”



“पाहिलंस?”

“हो. तन्मयने दाखवलं. त्याचं सगळं त्यातूनच आलंय. ते काढून टाका. आणि माझं नावही.”

“अगं...” दादा म्हणाले. तिने फोन ठेवला.

कीर्ती आणि सुवर्णा चुपचाप उठून चपला शोधायला लागल्या. दारातून आई-बाबा आत आले, केसांत धूळ, हातांत कुरडयांची ताटं.

“आई, बाबा, ड्रायव्हरचं काम मी सोडलं. आजपासून.”

आईचा चेहरा खुलला. बारावी तोंडावर आली होती. बाबांचा मात्र पडला.

“अगं, एवढी हिरिरीने करत होतीस! जमत नाही का?”

निशिगंधाने काळ्या पडद्याकडे पाठ केली.

“नाही बाबा. आता जमतं, म्हणून.”