शनिवारचा चहा

बाबा तुला लहानपणी काय म्हणून हाक मारायचे, असा प्रश्न नथानियलने सगळ्यांदेखत ग्रुपवर टाकला आणि फ्लोरामावशीने फोन पालथा घातला.

‘कोकणची लेकरं’ असं त्या ग्रुपचं नाव. पेण-रोह्याकडची जी ज्यू कुटुंबं केव्हाच इस्रायलला निघून गेली, त्यांची मुलंबाळं त्यात होती. गावाकडे मागे राहिलेली म्हणून फ्लोरामावशीचा तिथे भारी मान. सगळे तिला मावशी म्हणत. आपणही तेच म्हणू. मलिद्याचे पोहे किती भिजवायचे, बिरड्याचे वाल सोलायचे कसे, हे तिकडच्या सुना तिलाच विचारत. रोह्याबाहेरच्या त्या वाडीत दिवसदिवस तिच्याशी बोलायला कुणी नसे. फोन उघडला की मात्र शंभर माणसं ‘शालोम मावशी’ म्हणत. हा ग्रुप हातचा गेला तर आपण जगायचं कशावर, हा विचारसुद्धा तिला सोसत नसे.

म्हणून ती फार जपून असे. तोंडाचा फोटो नाही, घराचा नाही, आवाजही नाही. कुणी फोन केला तर उचलायचा नाही, लिहून उत्तर द्यायचं. फक्त दर शनिवारी सकाळी सातला ती एक फोटो टाकी. पेटलेली चूल आणि वर चहाचं भांडं. मावशीचा शनिवारचा चहा ग्रुपवर भलताच लाडका झाला होता.

आणि तीन महिन्यांपूर्वी हा नथानियल उगवला. स्वतःचा फोटो लावलेला नाही. म्हणे, बाबांशी भांडून गेलेला मी तुझा धाकटा भाऊ, चाळीस वर्षांनी तुला शोधून काढलं. मग प्रश्नांची सरबत्तीच. आईची शिवणाची पेटी अजून आहे का? विहिरीत कोण पडलं होतं, आठवतं? मावशीच्या प्रत्येक निरोपाखाली तो दोन ओळी लिही. चहाच्या फोटोखाली मात्र कधीच नाही.

एकदा त्याने विचारलं, शेजारच्या केरूमामांची मालू कशी आहे? मावशीने बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं. मग ‘हाय. बरी हाय,’ एवढं लिहिलं. त्याच्या सगळ्या प्रश्नांपैकी या एकाच प्रश्नाचं तिने उत्तर दिलं.

पेणला फोनची काच बदलायला गेली तेव्हा तिने दुकानातल्या किमयाला भीत भीत सगळं सांगितलं. पोरगी चुणचुणीत. तिने लोकेशन बंद केलं, प्रोफाइलला कुलूप घातलं आणि वर बजावलं, "आज्जी, लाडाची नावं, घरातल्या जुन्या गोष्टी, हेच विचारतात ही लोकं. कुणी भाऊ म्हणवतो, कुणी भाचा. तुम्ही कोण हाय ते एकदा कळलं का संपलंच."

मावशीने मान डोलावली. पंख्याखाली बसूनही तिला घाम फुटला होता.

शुक्रवारी दुपारी निरोप आला. नथानियल रोह्यात येऊन पोचला होता, लॉजवर उतरला होता, उद्या सकाळी भेटायला येणार होता.

तिने लिहिलं, पत्ता मिळणार नाही.

"पत्ता नको गो," उत्तर आलं. "मला ठाव हाय."

खांब गावाला नात्यातली एक बाई होती, तिच्याकडे चार दिवस जाऊन राहावं असं मनात आलं. पण दाराला कुलूप दिसलं तर तो वाडीत विचारपूस करत फिरेल, आणि ते तर त्याहून वाईट. या फोनबद्दल, ग्रुपबद्दल वाडीत कुणाला अक्षर माहीत नव्हतं. ती घरातच राहिली. पळायलाही धीर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

सकाळी सातच्या सुमाराला पावलं वाजली. लॉजपासून तो चालतच आला होता. साठीचा, किरकोळ अंगाचा माणूस. आत येण्याआधी चौकटीवरच्या मेझुझाला, ज्यू घरांच्या दारावर असते त्या प्रार्थनेच्या डबीला, त्याने न शोधता हात लावला आणि बोटं ओठांना टेकवली. अशी सवय काही चोरून घेता येत नाही. हा भामटा नव्हता.



तिने पदर पुढे ओढला, बसा म्हटलं आणि स्वयंपाकघराच्या अंधारात सरकली. तो उंबऱ्यापाशी पाटावर बसला. आता एकही प्रश्न विचारत नव्हता. नुसता बघत होता, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. हातांना काहीतरी काम हवं होतं. चहा टाकते, असं पुटपुटत ती चुलीपाशी बसली. लाकडं सारखी केली, काडी ओढली. पहिल्याच काडीला जाळ धरला. शनिवारी सकाळी या चुलीपुढे तिचे हात कधी चुकत नसत.

"फ्लोरानं जन्मात कधी शनिवारी काडी ओढली नाय," तो हळूच म्हणाला. "घरात कुणीच ओढत नव्हतं. शब्बाथाला आमी विस्तव पेटवायचा नाय, बाबांचा दंडकच होता. चूल पेटवायला शेजारची पोर यायची."

तिने मागे वळून पाहिलं नाही. चहा वर आला, उतू गेला, चुलीत चर्र झालं.

"फ्लोरा कधी वारली गो, मालू?"