बिछान्याची लांबी

इस्लामपूरला जुन्या गाड्यांच्या आवारात दोन व्हॅन आतून मोजून मी मापं वहीत मांडली. एकीचं घर करून मी आणि फौजेतून निवृत्त झालेले वडील वर्षभर देश हिंडणार होतो. आतून पत्र्याला लावायच्या अस्तराची जाडी वजा जाता छोटीत बिछान्याला पाच फूट आठ इंच उरत होते, मोठीत सहा फूट तीन. आप्पा सहा फुटांचे. पण मोठी गाडी घाटात वळवायची मला धास्ती वाटते, हे त्यांना ठाऊक होतं. ते छोटीत शिरून आडवे झाले. “मावतोय की गं! लय ऐसपैस हाय. हीच घे.” मी आत डोकावले. गोळी लागलेला, वाकवला की ठणकणारा गुडघा त्यांनी दुमडून धरला होता, कपाळावर घाम. मी मालकाकडे मोठीची किल्ली मागितली. “आगं, घाटात वळवशील का?” “वळवायचं मी शिकते. तुम्ही पाय पसरून झोपा.”