सहा वेळा आलेला फोन

“आला... अन् गेला बी!” गुणवंतरावांनी मोबाईल सुनेच्या नाकासमोर धरला. “घंटी बी नाई वाजली. पाह्य.”

पुनम गॅसवर चहा ठेवत होती. तिने मान वळवून पाहिलं. स्क्रीनवर लाल पट्टी होती. कॉल ब्लॉक केला.

आठ दिवसांपूर्वी तिनेच सासऱ्यांच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं होतं. अनोळखी नंबर कोणाचा ते सांगणारं, नको ते फोन परस्पर अडवणारं. गुणवंतराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. अठ्ठावीस वर्षं हाफ तिकिटाची भांडणं ऐकून झाल्यावर त्यांच्या वाट्याला प्लॉटवाले, क्रेडिट कार्डवाले आणि ‘बधाई हो, आपका नंबर लकी है’वाले आले होते. ॲप आलं आणि घर एकदम शांत झालं. गुणवंतराव इतके खूश झाले, की पानठेल्यावर बसून त्यांनी निम्म्या गावाला शिकवणी दिली. “नको तो नंबर आला का लाल बटन दाबा. विषय खतम!”

“पाच वाजतापासून सहा डाव आला,” ते आता म्हणाले. “मोठा चिवट आहे बेटा.”

“एकच नंबर?” पुनमने विचारलं. “इतक्या सकाळी, मामाजी?”

उत्तर द्यायच्या आत अंगणात स्कूटी येऊन थांबली. स्वाती होती. वनविभागाने गावात वाघावर लक्ष ठेवायला पथक नेमलं होतं, त्यातली. वाघ कुठे फिरतोय ते पाहून रोज पहाटे घरोघरी फोन करायचं काम तिचं. तिने स्कूटी नीट उभीही केली नाही.

“भाऊ, फोन काऊन नाई उचलत? सहा डाव लावला! बाई कुठी आहे?”

“मोहा वेचाले गेली. नाल्याकडं.” गुणवंतरावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. “हा... हा तुहा नंबर होय?”

“नवीन सिम भेटलं ना पथकाले, मागच्या हप्त्यात. भाऊ, नाल्यात वाघीण आहे. पिल्लं आहेत संग.”

गुणवंतराव अनवाणीच निघाले. स्वाती शिट्टी फुंकत पुढे, पुनम थाळी आणि झारा घेऊन मागे. वाटेत आणखी चारपाच माणसं काठ्या घेऊन आली. सगळे ओरडत होते. ओरडत नव्हते ते एकटे गुणवंतराव. झाडाखाली पडलेली मोहाची फुलं वेचताना माणूस वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे या भागातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. आणि सकाळपासून सहा वेळा आपण त्या लाल पट्टीकडे बघून हसलो होतो.

शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून उतरल्यावर त्यांची बायको गुणाबाई दिसली. मोहाच्या बुंध्याला पाठ टेकवून उभी होती. ताठ. पदर दातात, टोपली पोटाशी. नाल्यापलीकडे माकडं खेकसत होती. गवत हललं, थोडं लांब जाऊन पुन्हा हललं, मग हलायचं थांबलं.

“पाठ नको दाखवू,” स्वाती हळूच म्हणाली. “अशीच माघारी ये, बाई.”

गुणाबाई एकेक पाऊल मागे सरकत आली. टोपली तिने सोडली नाही.

घरी आल्यावर पुनमने तिला पाणी दिलं. गुणवंतराव ओसरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. “चूक माही आहे. लई शहाना झालतो मी. गावाले शिकवून राह्यलो होतो!” त्यांनी फोन सुनेपुढे टाकला. “काढ ते ॲप. आत्ताच्या आत्ता काढ.”

“राहू द्या,” गुणाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“ॲपानं काई नाई केलं. तुम्ही बी नाई केलं. काल पहाटे तुम्ही झोपले होते, तवा हिचा फोन आला, मी आवाज ओळखला अन् ठेवून देला. मीच दाबलं ते लाल बटन.”

गुणवंतरावांचं रडणं थांबलं.

“बाई, काऊन?” स्वातीने विचारलं.

“मोहा पंधरा-वीस दिवसच पडते. तुहा फोन आला का हे म्हनते, आज जाऊ नको. पुनम म्हनते, जाऊ नका. तू बी तेच म्हनते. अन् तिकडं सारा मोहा ढोरं खाऊन जाते.” गुणाबाईने टोपलीतला कचरा वेचायला घेतला. “जाऊ नको म्हनाले सारेच आहेत. चल, मी बी येतो, असं कोनी म्हनलं का एक डाव तरी?”

पुनमने चहा गाळला. स्वातीने गुणवंतरावांचा फोन उचलला, आपला नंबर मोकळा केला, नाव टाकून सेव्ह केला आणि चहा न घेताच गेली.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला फोन खणखणला.

“भाऊ, वाघीण पिल्लं घेऊन पहाडाकडं गेली. आज नाला मोकळा आहे. तरी एकटी नका पाठवू बाईले. मी अन् पथकातल्या दोघी निघून राह्यलो. तुम्ही येता का?”

“तुम्ही या आरामात,” गुणवंतराव म्हणाले. “मी काठी घेऊन कवाचा अंगनात उभा आहो. तिचंच साडी नेसनं चालू आहे.”